बाहुल्यांच्या हातांचा डबा

लाकडी बाहुलीचा सगळ्यात आधी मोडतो तो हात. मग घोड्याचा कान, मग वाजंत्र्याची सनई. डोकं सहसा मोडत नाही. लोक डोकं जपतात, चिंध्यांत गुंडाळतात आणि हात उघडा ठेवतात. ज्यांनी वर्षानुवर्षं बाहुल्या काढल्या आणि परत ठेवल्या त्यांना हे सांगावं लागत नाही.

मला हे वदिनानं शिकवलं. वदिना म्हणजे तेलुगूत वहिनी. नात्यानं ती माझी कुणी नव्हती. काचीगुड्याला स्टेशनच्या मागे तिचं स्वतःचं घर होतं आणि त्या घराच्या मागच्या पोर्शनमध्ये, दोन खोल्यांत, आम्ही भाड्यानं राहत होतो. आमचे हे स्टेशनात पार्सलच्या कामावर होते. मी नांदेडकडची, शेतकऱ्याघरची, चौथी शिकलेली. लग्न होऊन आले तेव्हा मला तेलुगूचं एक अक्षर येत नव्हतं आणि तिला मराठीचं. तिचं तेलुगू, माझं मराठी आणि दोघींचं मोडकंतोडकं दखनी, असं आमचं बोलणं पुढे तीस वर्षं चाललं. वयानं ती माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. सुरुवातीला मी अहोजाहो करायची. ती म्हणाली, "अहोजाहो नक्को. अहोजाहो केलं की वाटतं आता तू नळाची तक्रार सांगणार." तेव्हापासून मी तिला तू म्हणत आले.

दर संक्रांतीला तिच्याकडे बोम्मल कोलुवू असायचा, म्हणजे बाहुल्यांची आरास. भिंतीला लागून पाच पायऱ्या, त्यांवर धुतलेली पांढरी चादर. वरच्या पायरीवर देव, खाली भाजीवाली, कुंभार, गारुडी, हत्तीवरचा राजा. आणि मधल्या पायरीवर, बरोबर डोळ्यांसमोर, लग्न. लग्नात नऊ जण होते: नवरा, नवरी, भटजी, दोन वाजंत्री आणि पालखीचे चार भोई. सगळे वीतभर उंचीचे, हलक्या लाकडाचे, रंगवलेले. नवरीचा उजवा हात नवऱ्याच्या हातावर टेकलेला असे. हे लग्न वदिनाच्या आईनं तिला सासरी येताना दिलं होतं.

नवी बाहुली विकत आणली की तिचे हात खळीनं चिकटवलेले असतात. वदिना ते पहिल्याच दिवशी काढायची. ओल्या फडक्यानं सांधा भिजवायचा, हात हळूच पिळून सुटा करायचा, खांद्याला बारीक भोक पाडायचं आणि हाताला बांबूची काडी लावायची. म्हणजे पाहिजे तेव्हा बसवता येतो, पाहिजे तेव्हा निघतो. माझ्या सासूबाई बघत होत्या एकदा. म्हणाल्या, "अगं बाई, कोरी बाहुली मोडते ही!" वदिना म्हणाली, "मोडणारच आहे. दुसऱ्याच्या हातून कायकू? मीच मोडते."

संक्रांत झाली की सगळ्यांचे हात निघायचे. धडं जुन्या धोतराच्या मऊ चिंध्यांत गुंडाळून चहाच्या लाकडी खोक्यात. तसली खोकी हे स्टेशनातून आणून द्यायचे, आतून चांदीच्या कागदाची. हात मात्र एका पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात. कुठला हात कुणाचा हे ओळखायला वदिना काडीवर रंगाचे ठिपके द्यायची आणि तसेच ठिपके खांद्याच्या भोकाशी. नवरीचा एक लाल ठिपका, नवऱ्याचे दोन, भटजीचा पिवळा. मी म्हटलं होतं की चिठ्ठ्या लिहून देते. ती म्हणाली, "तुझं मराठी माझ्या बाहुलीला वाचता येत नाही."

त्याच डब्यात सुटे भागही असायचे. ते असे आले की बाहुल्या विकणारा एक म्हातारा दर वर्षी संक्रांतीआधी टोपली घेऊन गल्लीत यायचा. टोपलीच्या तळाशी त्याची एक पोटली असे. तिच्यात न रंगवलेले हात, पाय, हत्तीचे सुळे, ढोलाच्या काठ्या, पालखीचे दांडे. मोडलेली बाहुली दाखवली की तो पोटलीतनं माप बघून हात काढून द्यायचा. एका वर्षी तो आला तो टोपलीत प्लास्टिकच्या बाहुल्या घेऊन. पोरांनी जबरदस्ती केली म्हणाला, आता हेच खपतं, नुमाइशीच्या जत्रेत पण हेच आहे. तो वदिनाच्या ओसरीवर जेवला आणि उठताना पोटली तिथेच ठेवून गेला. पुढच्या वर्षी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

सासूबाईंना तो डबा घरात नको असे. तुटके हातपाय घरात ठेवणं अशुभ, खंडित झालेलं पाण्यात सोडावं, असं त्यांचं म्हणणं. वदिना म्हणायची, "देव खंडित झाला तर पाण्यात. बाहुली मोडली तर दवाखान्यात. ही बाहुली आहे अम्मा, तिला कोण नमस्कार करतं?" सासूबाई डब्याकडे पाठ करून बसायच्या.

डबा आमच्या घरात असायचं कारण वेगळं. आमच्या खेड्यात चैत्रगौरीची फार मोठी आरास नसायची. गौर झोपाळ्यात बसवली, डाळ आणि पन्हं वाटलं की झालं. पण काचीगुड्यातल्या मराठी बायका मोठ्या हौशी. एकीची पाहून दुसरी करायची. माझ्याकडे मांडायला काही नव्हतं, आणि मला तर सगळ्यांत चांगली आरास माझी हवी होती. वदिनानं आपण होऊन बाहुल्या दिल्या. तेव्हापासून तिच्या बाहुल्या वर्षातनं दोनदा बाहेर निघू लागल्या, संक्रांतीला तिच्याकडे आणि चैत्रात माझ्याकडे. चैत्र झाला की धडं तिच्या माळ्यावर जायची आणि डबा माझ्याकडे राहायचा, कारण दुरुस्ती मी करायची. उन्हाळ्यात खळ लवकर वाळते. चिंचोके भाजून, कुटून त्यांची खळ शिजवायची, लाकडाचा भुसा घालून मळायची, त्यानं बोटं, कान, जे काही तुटलं ते भरून काढायचं. खळीत चिमूटभर मोरचूद घालायचं, नाहीतर झुरळं खातात. मग डब्यात वेखंडाचा तुकडा आणि कडुनिंबाचा वाळका पाला. आणि महिन्यातनं एकदा डबा उघडून सावलीत ठेवायचा. हे वदिनाचं सक्त सांगणं होतं. "वारा लागला पाहिजे. बंद डब्यात तू राहशील का?"

तिचा नवरा गेल्यावर तिच्या नात्यातल्या बायका कोलुवूला येईनाशा झाल्या. तिनं आरास मात्र थांबवली नाही. मग मी माझ्या ओळखीच्या मराठी बायका घेऊन जायची. त्यातल्या दोघीतिघी कुरकुरल्या. त्यांना मी सांगितलं, यायचं तर या, नाहीतर चैत्रात माझ्याकडेही येऊ नका. आल्या सगळ्या. पण माझ्या हळदीकुंकवाच्या दिवशी वदिना कधी पुढे बसली नाही. स्वयंपाकघरात कैऱ्या किसत बसायची. मी बाहेर बोलावलं की म्हणायची, "माझी नवरी बसली आहे ना बाहेर, बस झालं."

तिचा मुलगा हुशार निघाला. त्या दिवसांत गल्लीतली निम्मी मुलं अमीरपेठेला कॉम्प्युटर शिकायला जात होती. घरात टीव्हीवर नवी नवी चॅनेलं आली होती, कोपऱ्याकोपऱ्यावर फोनची बूथं झाली होती, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी अमेरिका. हा खरंच गेला. दोन वर्षांनी लग्न करून बायकोला घेऊन गेला. मग सुनेला दिवस गेले आणि तो आईला न्यायला आला. सहा महिन्यांसाठी, म्हणाला.

मला ते सहा महिने खरे वाटले नाहीत. गल्लीतून गेलेल्या दुसऱ्या आयाही सहा महिन्यांसाठीच गेल्या होत्या.

वदिना पेटी भरत होती आणि मुलगा दारात उभा राहून हिशेबानं वजन सांगत होता. "अम्मा, तिकडे सगळं मिळतं."

"माझी नवरी मिळते?"

"बाहुल्या पण मिळतात."

"लग्न मिळतं का, नऊ जणांचं?"

तो हरला. बाकीच्या बाहुल्या माळ्यावर ठेवायच्या आणि लग्न तेवढं न्यायचं, असं ठरलं. नऊ धडं तिनं स्वतः गुंडाळली, लुगड्यांच्या घड्यांमध्ये एकेक करून बसवली. मग मला म्हणाली, "हातांचा डबा?"

"बाजूच्या बॅगेत घातला," मी म्हटलं.

डबा माझ्या स्वयंपाकघरात ज्वारीच्या पिठाच्या डब्यामागे होता. सकाळीच मी तो तिथे सरकवला होता.

टॅक्सीत बसताना मुलगा म्हणाला, "पिन्नी, अम्माचं काही राहिलं का तुमच्याकडे?" पिन्नी म्हणजे मावशी. मी म्हटलं, "नाही."

ह्याला मी आजपर्यंत दुसरं नाव दिलेलं नाही. ते खोटं होतं आणि मी ते ठरवून बोलले. माझ्या मनात एवढंच होतं की हात इथे राहिले तर बाई परत येईल. हातांशिवाय तिला संक्रांत काढता येणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. नवऱ्यावाचून जिनं कोलुवू मांडला, ती हातांवाचून मांडणार नाही, अशी माझी अक्कल.

पहिला फोन आला तो किराणा दुकानात. दुकानदारानं मला पोर पाठवून बोलावलं. मी पदरानं पिठाचे हात पुसत गेले.

"हात कुठे गं?" इतकंच. कशी आहेस नाही, काही नाही.

"तुझ्या बॅगेत बघ."

"बघितलं. नाही."

"मग नीट बघ."

दुसऱ्या फोनला मी म्हटलं की सापडला डबा, माझ्याचकडे राहिला होता. "आलीस की देते." ती म्हणाली, "पार्सल कर की. तुझा नवरा पार्सलात आहे." मी म्हटलं, "मोडतील." हे शेजारी उभे होते. घरी येताना रस्त्यात म्हणाले, "जन्मभर पार्सलं बांधली मी. काचेच्या बरण्या गेल्या माझ्या हातून, एक फुटली नाही."

"हे लाकूड आहे."

"लाकूड तर मुळीच मोडत नाही," ते म्हणाले. माझ्याकडे थोडा वेळ बघितलं आणि चालू लागले. त्यांचा स्वभावच तसा होता. कळलं तरी सांगायचं नाही.

सहा महिने झाले. नातू झाला. सहा महिने आणखी झाले. संक्रांतीनंतर तिचा फोन आला. मी विचारलं, कोलुवू मांडलास? म्हणाली, "मांडला ना. पुस्तकांच्या फळीवर मांडला."

"हातांशिवाय?"

"सगळ्यांना शाली पांघरल्या. सुनेच्या ओढण्या फाडून लहान लहान शाली केल्या. इथल्या बायका विचारतात, ह्यांना शाली कशाला? मी म्हणते, तुमच्या गावात थंडी केवढी आहे!" आणि ती मोठ्यानं हसली. तारेतून हसणं एकदा ऐकू यायचं आणि मागाहून पुन्हा एकदा. मी दोन्ही वेळा ऐकून घेतलं.

त्या दिवशी मला समजायला हवं होतं की माझा उपाय चालला नाही. मला समजलंही. पण डबा पाठवावा असं तरीही वाटलं नाही.

पुढच्या वर्षी घर गेलं. मुलानं तिकडूनच बिल्डरशी बोलणं केलं. काचीगुड्यात तेव्हा घरं पाडून फ्लॅट करायची लाटच होती. आम्हाला जागा सोडायला सांगितली. वाईट काही बोलला नाही, पिन्नी पिन्नी करूनच सांगितलं. माळ्यावरच्या बाकीच्या बाहुल्या तिच्या पुतणीनं नेल्या, त्यांचे हात मी डब्यातून वेगळे काढून दिले. राजा, हत्ती, भाजीवाली, सगळं गेलं. आम्ही अंबरपेठेला फ्लॅट घेतला. दुसऱ्या मजल्यावर, शिडीवर चढल्यासारखा जिना. काचीगुड्यात रेल्वेच्या शिट्टीवर माझा स्वयंपाक चालायचा. अंबरपेठेत मला किती वाजले ते कळायचंच नाही. भाताला कुकर लावला की शिट्ट्या मोजताना चुकायची. मागच्या दारी कुणी "ए मराठी, मीठ आहे का?" म्हणून ओरडणार नव्हतं, कारण मागे दारच नव्हतं. भिंत होती आणि भिंतीपलीकडे दुसऱ्यांची मोरी.

त्या पावसाळ्यात माळ्याच्या भिंतीला ओल आली. एक दिवस डबा काढला तर आत झुरळं. दोन हातांची खळ खाल्लेली, काड्या निसटलेल्या. मी घाबरले. वेखंड आणायला काचीगुड्याच्या जडीबुटीवाल्याकडे जायला हवं होतं. तेवढं लांब मी गेले नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातून डांबराच्या गोळ्या आणल्या, पांढऱ्या, कपाटात टाकतात त्या. मूठभर टाकल्या. झाकणाभोवती मेणबत्तीचं मेण ओतून डबा हवाबंद केला आणि माळ्यावर छताला लागून ठेवून दिला. आता काही शिरणार नाही म्हणून खूश झाले.

महिन्यातनं एकदा उघडायचा, हे मी विसरले नव्हते. उघडावासा वाटत नव्हता. उघडला की नवरीचा हात वर दिसायचा आणि मला माझीच चीड यायची.

तिसऱ्या संक्रांतीनंतर, ऐन उन्हाळ्यात, वदिना आली. ती हातांसाठी आली नाही. बिल्डरच्या कागदांवर तिची सही हवी होती म्हणून आली. पंधरा दिवसांसाठी. त्यातले दहा दिवस ऑफिसात आणि पुतणीकडे गेले. अकराव्या दिवशी ती रिक्षानं अंबरपेठेला आली. एवढ्या उन्हात पायात मोजे. मी जिन्यात हात धरायला गेले तर म्हणाली, "सोड, येते मला." वर येऊन पंख्याखाली बसली, चहात साखर नको म्हणाली. एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. मी तिच्याकडे बघत राहिले. तिच्या अंगाला आता शिकेकाईचा वास नव्हता.

"काय बघतेस? म्हातारी झाले, दुसरं काय," ती म्हणाली. "आण. डबा आण."

मी माळ्यावरून डबा काढला. चाकूनं मेण खरवडलं. झाकण उघडलं तसा डांबराचा वास खोलीभर झाला आणि दोघींच्या डोळ्यांतून पाणी आलं. आत हात नव्हते. एक गोळा होता. डांबराच्या वासानं आणि छताच्या उष्म्यानं सगळा रंग पातळ झाला होता आणि हात, सुळे, काठ्या, सगळं एकमेकांना चिकटून बसलं होतं. लाल, पिवळा, हिरवा, सगळे रंग एकात एक उतरलेले.

वदिनानं गोळा उचलला. चांगल्या डोळ्याजवळ नेला. "हे काय? लाडू वळलास?"

मी खिडकी उघडली.

"डांबराच्या गोळ्या घातल्यास?"

"हौ."

"रंगवलेल्या लाकडाला? रंग खातात त्या. मी सांगितलं नव्हतं?"

"नव्हतं सांगितलंस. वेखंड घाल म्हणाली होतीस."

"मग वेखंड का नाही घातलंस?"

मी जमिनीवरचं मेण वेचू लागले. ती गोळा मांडीवर घेऊन बसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी गेले त्या दिवशी हा डबा कुठे होता?"

"पिठाच्या डब्यामागे."

"राहून गेला?"

"नाही. मी ठेवला."

"कायकू?"

"तू परत यावीस म्हणून."

आमचे हे आतल्या खोलीत पेपर वाचत होते. पान उलटल्याचा आवाज थांबला.

वदिना म्हणाली, "पागल आहेस. बाहुलीच्या हातासाठी विमानाचं तिकीट कोण काढतं?" मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. तिचा आवाज चढला. "तीन संक्रांती माझी नवरी शाल पांघरून बसली. मी लोकांना थंडी सांगत होते. रात्री शाली काढून पेटीत ठेवताना तिचे खांदे दिसायचे, दोन भोकं. आईनं दिलेली नवरी. डबा तुझ्याकडे आहे हे कळेपर्यंत मला वाटायचं माझ्या हातून हरवले. मी सुनेच्या घराचे सगळे खण उचकले. सुनेला बोलले मी, तूच टाकलेस म्हणून. आणि तू इथे माळ्यावर लाडू घालून बसलीस!"

एवढं ती मला तीस वर्षांत बोलली नव्हती. मी ऐकून घेतलं. चुकलं असं म्हणण्यात अर्थ नव्हता, ते दिसतच होतं. तरी म्हटलं, "चुकलं माझं."

"चुकलं ते चुकलंच," ती म्हणाली. मग मोजे काढले, जमिनीवर बसली, पाय पसरले आणि म्हणाली, "तो फ्रिज चालतो का नुसता दाखवायला आहे?"

फ्रिज नवा होता. तिनं तो गोळा ताटलीत घालून वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवायला लावला. मी म्हटलं, दुधाची पिशवी आहे तिथे. "असू दे. दूध काय बघणार आहे?" रंग थंडीनं कडक होतो आणि मग तडकतो, असं तिचं म्हणणं. हे तिला कुणी शिकवलं ते मी विचारलं नाही. तिकडे राहून थंडीबद्दल तिला कळायला लागलं असेल.

तासाभरानं गोळा काढला. ती धरायची आणि मी शिवणाचा दोरा दोन हातांमध्ये घालून ओढायची. टक्कन आवाज व्हायचा आणि एक हात सुटायचा. थोडे झाले की पुन्हा बर्फात. असं दुपारभर चाललं. ह्यांनी मधेच येऊन विचारलं, "जेवायचं काही आहे का आज?" वदिना म्हणाली, "आहे. भटजीचा डावा हात आहे. वाढू?"

अठरापैकी चौदा हात निघाले. उरलेले चार भोयांचे होते, ते मोडले. त्यांच्या जागी पोटलीतले कोरे हात बसतील असे निवडून काढले. नवरीचा उजवा हात निघाला, पण रंग गेला. कातडीचा पिवळा कुठे कुठे राहिला, बांगड्या सगळ्या पुसल्या. वदिनाला एका डोळ्यानं बारीक काम होईना. मग खालच्या मजल्यावरच्या पाट्या रंगवणाऱ्याकडून मी दोन रंग मागून आणले आणि पातळ कुंचल्यानं हात रंगवला. बांगड्या काढल्या हिरव्या.

वदिनानं हात उजेडात धरला. "हिरव्या? आधी लाल-पिवळ्या होत्या."

माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. नवरी म्हटल्यावर माझ्या हातून हिरवा चुडाच उतरला. "पुसून पुन्हा करते."

"नक्को," ती म्हणाली. "डाव्या हातानं तेलुगू आहे, उजव्या हातानं मराठी. नवऱ्याला काय फरक पडतो." तेव्हा ती हसली. पण रागही पुरता गेला नव्हता. जाताना जिन्यात मला धरू दिलं नाही.

अठरा हात तिनं कापसात गुंडाळून नेले. बाकी सुटे भाग होते ते माझ्याकडे सरकवले. "हे ठेव. काही मोडलं तर फोन करीन. तेव्हा पार्सल कर. आणि डांबर घातलंस तर बघ."

मी विचारलं, "परत कधी येशील?"

"सह्या झाल्या सगळ्या," ती म्हणाली.

ती परत आली नाही. संक्रांतीला फोन यायचा. मी विचारायची, "काही मोडलं का?" ती म्हणायची, "नाही, सगळे ठीक आहेत." दर वर्षी मी विचारायची. एखादा कान तुटावा, भोयाचं बोट जावं, असं मला वाटायचं. लाकडाला काय झालं होतं कोण जाणे, तिकडे गेल्यावर काही मोडेनाच. ह्यांनी पार्सलासाठी एक लहान खोकं, सुतळी आणि फडकं तयार करून ठेवलं होतं. ते फडकं पुढे मी भांडी पुसायला घेतलं.

मग एका वर्षी संक्रांतीला फोन आला नाही. तीन आठवड्यांनी तिच्या सुनेचा आला. ती हळू बोलत होती, मराठी तिला येत नाही, माझं तेलुगू फोनवर नीट निघत नाही. पण जे सांगायचं होतं ते कळलं. शेवटी मी विचारलं, "बोम्मलु?" बाहुल्या कुठे आहेत, असं मला विचारायचं होतं. तिनं काही सांगितलं, पण तारेत खरखर आली आणि फोन तुटला. मग परत लागला नाही.

आता हेही नाहीत. माझे मुलगा-सून हायटेक सिटीकडे राहतात, रविवारी येतात. गेल्या दिवाळीत सुनेनं माळा साफ केला तेव्हा डबा हातात घेऊन म्हणाली, "आई, बाहुल्या एकही नाहीत आणि हे पार्ट कशाला ठेवलेत? टाकू?"

मी म्हटलं, ठेव जागेवर.

डब्यात आता पंधरा-वीस कोरे हात आहेत, हत्तीचा एक सुळा, पालखीचे दोन दांडे आणि एक सनई. महिन्यातनं एकदा डबा खाली काढते, झाकण उघडून खिडकीशी सावलीत ठेवते. चैत्रात कडुनिंबाचा पाला बदलते. वेखंड काचीगुड्याहून आणते, रिक्षानं जाऊन. जुन्या घराच्या जागी चार मजले उभे आहेत, तिकडे मान वळवत नाही.

वदिना गेली, हे मला कळवलेलं आहे. तिच्या बाहुल्या गेल्या, असं कुणी कळवलेलं नाही. उद्या त्यातल्या कुणाचा हात मोडला तर इकडेच विचारावं लागेल.